कमी बजेटचा गेमिंग पीसी: ही यादी तपासून द्याल का?

यादीवाला

नमस्कार. पहिल्यांदाच स्वतः पीसी असेंबल करतोय. मॉनिटर हातात आहे: २४ इंची, १०८०पी, १४४ हर्ट्झ. कीबोर्ड-माउसही आहे, बाकी सगळं घ्यायचंय. मुख्यतः व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळायचं, पण सायबरपंक २०७७ सारखा जड गेमही मीडियम-हायवर ६० एफपीएसने चालावा. अधूनमधून गेमप्ले रेकॉर्ड करायचा आहे.

बजेट ताणता येणार नाही. एक गोष्ट वर नेली तर दुसरी खाली आणावी लागेल, तेव्हा 'हे घ्या' सांगताना 'हे काढा'ही सांगा.

प्रोसेसर: रायझेन ७ ५७००
कूलर: २४० मिमी लिक्विड
मदरबोर्ड: बी४५०
रॅम: डीडीआर४ २६६६, १६ जीबीची एकच स्टिक (पुढे दुसरी टाकायला जागा राहील म्हणून)
ग्राफिक्स कार्ड: आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी
स्टोरेज: २५६ जीबी साटा एसएसडी + १ टीबी हार्ड डिस्क
एसएमपीएस (पॉवर सप्लाय): कॅबिनेटसोबत येणारा ५०० वॉटचा
कॅबिनेट: पुढून काच, तीन आरजीबी पंखे

आठ कोअरचा प्रोसेसर आत्ताच घेतला तर कार्ड पुढेमागे बदलता येईल, असा विचार आहे. बरोबर आहे का?

पिक्सेलपंत

बजेट तेच ठेवून यादी उलटी करावी लागेल. गेमिंगच्या मशीनमध्ये मॉनिटर सोडून होणाऱ्या खर्चातला ४० टक्क्यांच्या आसपास वाटा ग्राफिक्स कार्डाचा असावा. तुमच्याकडे तो प्रोसेसर आणि लिक्विड कूलरने खाल्लाय.

आधी कार्ड. ६५०० एक्सटीला पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या वाटेच्या) फक्त ४ लेन आहेत. पीसीआयई ४.० आवृत्तीच्या बोर्डावर त्यातून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, ३.० वर ४ जीबी. बी४५० हा ३.० चा बोर्ड. आणि गंमत म्हणजे ५७०० हा प्रोसेसरही ३.० चाच, त्यामुळे बोर्ड बदललात तरी सुटका नाही. सायबरपंकमध्ये हाय टेक्स्चर लावली की ४ जीबी मेमरी भरते. उरलेला माल सिस्टिम रॅममध्ये जातो आणि त्या अरुंद वाटेने त्याची सतत ने-आण सुरू होते. सरासरी एफपीएस बरे दिसतात, पण वळण घेतलं की चित्र अडखळतं. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच (रेकॉर्डिंग दाबून छोटं करणारा भाग) नाही. रेकॉर्डिंग सुरू केलंत की तो भार प्रोसेसरवर येतो, आणि व्हॅलोरंटला नेमका प्रोसेसरच लागतो.

त्याऐवजी आरएक्स ६६००. ८ जीबी, ८ लेन, खप १३२ वॉट, एकच ८ पिनची वायर, एन्कोडर आहे. १०८०पीला मीडियम-हाय ही त्याची हक्काची जागा. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड-सावल्या दाखवणं) मात्र बंद ठेवा. बजेटमध्ये बसत असेल तर आरटीएक्स ४०६० (८ जीबी, ११५ वॉट) घ्या; त्याचा एन्कोडर आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून एफपीएस वाढवणं) दोन्ही सरस आहेत. फक्त त्यासाठी एसएमपीएसला कात्री लावू नका.

एनव्हिडियाकडे वळलात तर नावं नीट वाचा. आरटीएक्स ३०५० नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात. ८ जीबीचं १२८ बिटचं (ही मेमरीच्या वाटेची रुंदी) आहे. ६ जीबीचं ९६ बिटचं, त्यात कोअरही कमी. दुसऱ्याचा एकमेव गुण म्हणजे ७० वॉटचं असल्याने त्याला वेगळी पॉवर वायर लागत नाही, म्हणून ते जुन्या ऑफिसच्या डब्यात बसवायला बरं. ३०६० चंही तेच: १२ जीबीचं १९२ बिट, ८ जीबीचं १२८ बिट.

आता प्रोसेसर. ५७०० आणि ५७००एक्स यांत फरक एका अक्षराचा दिसतो, पण आतली चिप वेगळी आहे. ५७०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी, ५७००एक्स मध्ये ३२. रायझेन ५ ५६०० ला कोअर सहाच आहेत, पण कॅश ३२ एमबी आणि पीसीआयई ४.०. काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंटसारख्या गेमना कोअरच्या संख्येपेक्षा कॅश जास्त मानवते, त्यामुळे तिथे सहा कोअरचा ५६०० आठ कोअरच्या ५७०० च्या पुढे राहतो. ५५०० आणि ५६००जी हेही १६ एमबी आणि ३.० वाले. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, पण तो घेण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा काही महिने कार्डाशिवाय काढायचे आहेत.

लिक्विड कूलर काढा. ५६०० पूर्ण भारावर साधारण ७६ वॉट खातो आणि डब्यात व्रेथ स्टेल्थ पंखा येतो. आवाज नको असेल तर १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरे.

रॅमची एक स्टिक हे यादीतलं सगळ्यात महागात पडणारं 'बचतीचं' कलम आहे. २६६६ ची एक स्टिक सेकंदाला २१ जीबी देते. ३२०० च्या दोन, ड्युअल चॅनलमध्ये, ५१ जीबी. ८ + ८ ची ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे रॅमच्या प्रतिसादाचा उशीर) किट घ्या. दोन स्टिक एकाच पाकिटातल्या असाव्यात, कारण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, नाव तेच असलं तरी, आतून वेगळ्या चिपच्या निघू शकतात आणि मग एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं की मशीन उठत नाही. बोर्ड चार स्लॉटचा घेतलात तर पुढे वाढवायची सोयही राहते.

वॉटवाला

पंतांशी सहमत. एसएमपीएसबद्दल ते अर्ध्या वाक्यात बोलून गेलेत, ते मी पुरं करतो.

कॅबिनेटसोबत येणारा ५०० वॉटचा एसएमपीएस घेऊ नका. वॉटचा मोठा आकडा बघायचाच नाही. बाजूचं लेबल वाचायचं. पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२, एवढाच त्याचा कामाचा वॉट. चांगल्या ५५० वॉटच्या युनिटवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे ५४० वॉट. फुकट मिळणाऱ्या '५००' वर १२ व्होल्टच्या दोन ओळी असतात, १४ आणि १५ अँपिअर असं काहीतरी, आणि खाली बारीक अक्षरात दोन्हींची एकत्रित मर्यादा ३०० वॉट. उरलेला आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळी फुगवून गाठलेला असतो, आणि आजच्या मशीनला तिथे फारसं काही लागतच नाही.

हिशेब बघा: प्रोसेसर ७६, कार्ड १३२, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ४०-५०. झाले २५०-२६०. मग ३०० पुरेत असं वाटेल, पण कार्डाचा खप सरळ रेषेत नसतो. काही मिलिसेकंदांसाठी तो सरासरीच्या बराच वर उसळतो. त्या क्षणी १२ व्होल्टची लाइन खाली बसली की स्क्रीन काळी होते किंवा मशीन रीस्टार्ट होतं, तेही फक्त गेममध्ये. मग लोक ड्रायव्हर बदलत बसतात, विंडोज पुन्हा टाकतात, आणि दोष दुसरीकडेच असतो.

५५० वॉट घ्या. बघायचं काय: १२ व्होल्टची एकच दमदार लाइन, आत डीसी-टू-डीसी रचना (३.३ आणि ५ व्होल्ट १२ व्होल्टपासूनच बनवणारी), ओव्हरकरंट आणि शॉर्ट-सर्किट संरक्षण लिहिलेलं, किमान पाच वर्षांची वॉरंटी. ८० प्लस ब्राँझ हा कार्यक्षमतेचा दाखला आहे. तो असावा, पण भाराखाली व्होल्टेज किती स्थिर राहतं हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी शोधून वाचा. मागच्या बाजूला ११५/२३० चा लाल स्विच दिसला तर ते बहुधा अॅक्टिव्ह पीएफसी नसलेलं जुन्या रचनेचं युनिट असतं. खाली ठेवा.

मॉड्युलर युनिट असेल तर दुसऱ्या कंपनीच्या, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेच्या वायरी लावायच्या नाहीत. एसएमपीएसच्या टोकाला पिनची मांडणी प्रमाणित नाही. प्लग बसतो, आणि १२ व्होल्ट जायला नको तिथे जातात. पहिल्या स्टार्टलाच डिस्क जळते.

खुसपट

सगळे २०१६ च्या सॉकेटवर पैसे लावायला सांगताय? ५६०० ज्यावर बसतो त्या एएम४ सॉकेटची वाट संपली. ५८००एक्स३डी हा त्यावरचा शेवटचा खरा पल्ला होता आणि तो नवा मिळणं दुर्मिळ झालंय. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटला एएमडीने २०२७ पर्यंत साथ जाहीर केली आहे. ७५००एफ, साधा बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ ६००० सीएल३०. ३-४ वर्षांनी नुसता प्रोसेसर बदला, बोर्ड-रॅम तेच.

पिक्सेलपंत

@खुसपट, मुद्दा खरा आहे, पण धागाकर्त्याने अट घातलीय: वर नेलं तर खाली आणा. एएम५ मध्ये बोर्ड आणि रॅम दोन्ही वर जातात. तो फरक कुठून काढणार? कार्डातून काढलात तर ६६०० वरून ४ जीबीवाल्या कार्डावर याल आणि ७५००एफ त्याची वाट बघत बसेल. माझा निकष असा: कार्डाची पायरी खाली न आणता एएम५ बसत असेल तर डोळे मिटून एएम५. नाहीतर ५६००. आणि स्वस्त एएम५ म्हणून ८४००एफ घेऊ नका, तिथे पुन्हा १६ एमबी कॅश.

इंटेलमध्ये आय५ १२४००एफ तोडीस तोड आहे. डीडीआर४ चा बोर्ड मिळतो, पण त्याच नावाचा डीडीआर५ चाही असतो. रॅम एकमेकांत बसत नाही, खाच वेगळ्या जागी आहे. एच६१० वर रॅमचे स्लॉट दोनच. आय३ १२१००एफ चार कोअरचा आहे. व्हॅलोरंट पळवेल, सायबरपंकच्या गर्दीत दमेल.

इंटेलचं आर्क बी५८० कार्ड १२ जीबीमुळे मोहात पाडतं. ५६०० सोबत नको. त्याच्या ड्रायव्हरचं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि याच वर्गातल्या प्रोसेसरवर एफपीएस घसरतात. रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारं सेटिंग) बंद असेल तर आणखीच.

यादीवाला

मनापासून आभार. नवी यादी:

रायझेन ५ ५६०० (सोबतच्या पंख्यासह), बी५५० मायक्रो एटीएक्स, ८ + ८ जीबी ३२०० सीएल१६, आरएक्स ६६००, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉट ब्राँझ, जाळीदार कॅबिनेट. लिक्विड कूलर, हार्ड डिस्क आणि आरजीबी उडवले. आकडा जमला.

आता तीन शंका. एसएसडी निवडताना काय बघू? बोर्ड जुन्या स्टॉकचा निघाला तर ५६०० ओळखेल का? आणि सेकंड-हँड आरएक्स ५७०० एक्सटी ६६०० पेक्षा स्वस्तात मिळतंय, ते घ्यावं का?

स्क्रू_ढिला

एसएसडी: टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) घ्या, क्यूएलसी (चार बिट) टाळा. क्यूएलसीवर १०० जीबीचा गेम उतरवताना कॅश भरली की लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. डीरॅम (एसएसडीची स्वतःची छोटी मेमरी) नसलेली चालेल, एनव्हीएमई ड्राइव्ह एचएमबीने सिस्टिम रॅमचा तुकडा वापरते. खोक्यावरचा ५००० की ७००० हा वाद गेमसाठी निरर्थक आहे. प्रोसेसरला जवळच्या एम.२ स्लॉटमध्ये (एनव्हीएमई एसएसडीची जागा) लावा. दुसरा एम.२ स्लॉट बऱ्याच बोर्डांवर दोन साटा पोर्ट बंद करतो, आणि मग 'माझी डिस्क गायब झाली' असे धागे निघतात.

बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर): बोर्डाच्या साइटवर प्रोसेसर सपोर्टची यादी असते, त्यात ५६०० समोर किमान बायोस आवृत्ती लिहिलेली असते. खोक्यावर 'रायझेन ५००० डेस्कटॉप रेडी'चं स्टिकर असलं तर चिंता नाही. तरीही बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्डच निवडा. फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकायची, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्यायचं, मागच्या खूण केलेल्या यूएसबीत लावायची, फक्त एसएमपीएस जोडून बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. प्रोसेसर, रॅम काहीच नसलं तरी हे चालतं.

जोडणी करताना लोक कुठे अडकतात ते सांगतो, क्रम तुम्हाला व्हिडिओत मिळेल.

बोर्ड मायक्रो एटीएक्स आणि कॅबिनेट मोठं असेल तर बोर्डाला जिथे भोक नाही तिथला पितळी स्टँडऑफ काढून टाका. तो मागून सोल्डरला टेकला की शॉर्ट. मागची आयओ पट्टी (पोर्टांभोवतीची पत्र्याची चौकट) बोर्डाच्या आधी बसवा. विसरलात तर सगळं उसवावं लागतं.

रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्या-दुसऱ्यात लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर येतात आणि वरची ५१ जीबीची गणितं पाण्यात.

प्रोसेसरची ८ पिन वायर वर डाव्या कोपऱ्यात जाते, बोर्ड बसवण्याआधी ओढून ठेवा. ती ४+४ अशी फुटते. कार्डाची ६+२ अशी. दिसायला सारख्या, पण व्होल्ट आणि ग्राउंडची बाजू उलटी आहे. बसत नसेल तर जोर लावू नका, वायर चुकलीय.

पंख्याच्या बुडाला थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारी) आधीच लावलेली असते, ती पुसू नका आणि वर दुसरी थापू नका. वेगळा कूलर घेतलात तर त्याच्या बुडाचं पारदर्शक प्लास्टिक काढा. ते राहिलं की प्रोसेसर थेट ९० अंशावर जाऊन वेग कमी करतो. ५६०० ची कमाल मर्यादाच ९० आहे. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर एएम४ चा प्रोसेसर लॉक असूनही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

मॉनिटरची वायर कार्डाला लावा. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयवर काहीच दिसणार नाही. 'नवीन पीसी मेला' म्हणणाऱ्यांत निम्मे इथलेच असावेत.

सुरू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसाइझेबल बार चालू, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट चालू. सीएसएम विंडोज टाकण्याआधीच बंद करा, म्हणजे डिस्कची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीने होते. नंतर करायला गेलात तर विंडोज सुरूच होत नाही. विंडोज ११ वर एफटीपीएम किंवा सिक्युअर बूट राहिलं तर व्हॅलोरंट वॅन ९००१ ची चूक दाखवून बाहेर फेकतं. विंडोज १० वर थांबू नका, त्याची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग ३२०० दिसतो का बघा. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्ड 'x८ ४.०' दाखवायला हवं. रिकाम्या वेळी १.१ दिसेल, घाबरू नका, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट लावा. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ हाताने निवडा. विंडोज बऱ्याचदा ६० वरच सोडून देतं आणि लोक महिनोन्महिने तसंच खेळतात.

वॉटवाला

+१. फक्त एक भर: सगळं कॅबिनेटमध्ये कोंबण्याआधी बोर्डाच्या खोक्यावरच प्रोसेसर, रॅम, कार्ड लावून एकदा सुरू करून बघा. स्विच नसला तर पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवा. बिघाड असला तर तिथेच कळतो.

पिक्सेलपंत

सेकंड-हँड ५७०० एक्सटीबद्दल: नुसते एफपीएस मोजले तर ते ६६०० पेक्षा बहुतेक गेममध्ये थोडं पुढेच आहे. अडचण वेगळी. त्यात हार्डवेअर रे ट्रेसिंग नाही, मेश शेडर (गेममधले आकार रंगवायची नवी पद्धत) नाहीत. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (२०२४) आणि डूम: द डार्क एजेस (२०२५) यांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर सक्तीचं आहे, तिथे त्याला प्रवेशच नाही, ६६०० तिथे चालतं. खप २२५ वॉट, म्हणजे उष्णता आणि आवाजही तसाच.

फक्त व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक असतं तर 'घ्या' म्हटलं असतं. तुम्हाला जड गेमही हवेत, तेव्हा नवीन ६६००. त्याच पैशांत सेकंड-हँड ६६०० एक्सटी किंवा ६७०० एक्सटी समोर आलं तर विचार करा, पण ते चालू मशीनमध्ये बघूनच. फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) १५ मिनिटं लावा. जीपीयूचं साधं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान) यांत ३० अंशांहून जास्त अंतर पडलं तर पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. ते दुरुस्त होतं, भाव पाडून मागा. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन दिसले तर मेमरी गेलेली आहे, उठून निघा. जीपीयू-झेडमध्ये कार्डाचं नाव, मेमरी आणि शेडरची संख्या अधिकृत आकड्यांशी ताडून बघा. नाव बदलून विकलेली आणि बायोस बदललेली कार्डं तिथे उघडी पडतात.

६७०० एक्सटी घेतलंत तर तो २३० वॉटचा गडी आहे, ८ आणि ६ पिन अशा दोन जागा मागतो. वॉटवाल्यांना विचारून ५५० चा ६५० करा.

वॉटवाला

हो, ६५०. आणि त्या दोन जागांना एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र वायरी न्या. एकाच वायरीच्या दोन शेपट्या लावू नका.